कोरडा दात

"वाजव बघू," अप्पा म्हणाले.

परशराम वाजंत्री आमच्या दवाखान्याच्या खुर्चीत अर्धवट उठून बसला. गळ्याभोवती पेशंटला बांधतात तो हिरवा रुमाल, हातात क्लॅरिनेट. वाद्य त्याने ओठांत धरलं आणि फुंकर मारली. सूर निघाला खरा, पण मध्येच फिस्स करून हवा सुटली. तो थांबला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "असं हुतंय बघा डॉक्टरसाहेब. खालचं सूर कसंतरी निभतंय. वर गेलं की सुटतंय."

क्लॅरिनेट वाजवताना वरचे दोन दात तिच्या तोंडावर घट्ट टेकवावे लागतात, हे मला त्या दिवशी कळलं. परशरामच्या त्या दोनांपैकी उजवा दात तिरका, अर्धा उडालेला होता. आठ दिवसांपूर्वी मालगावच्या एका वरातीत नाचता नाचता नवरदेवाचा कुणी मित्र त्याच्यावर येऊन आदळला होता. क्लॅरिनेटला काही झालं नाही, दात गेला.

"भरती कधी आहे?" अप्पांनी विचारलं.

"सोमवारी. पुण्यात. पोलीस बँडची." मग जरा थांबून त्याने जोडलं, "जूनमधी अठ्ठावीस पुरं हुत्यात. वयात बसायची ही शेवटचीच."

दाराशी त्याची बायको कस्तुरा उभी होती. दोन-अडीच महिन्यांचं मूल पदराखाली घेऊन. कानाला बाळंतिणीचा पांढरा रुमाल अजून बांधलेला होता. ती म्हणाली, "नोकरी लागली तर ऊन-पावसात गाडीम्होरं चालायचं सुटंल ओ. सरकारी वर्दी मिळंल." आणि जास्त बोलले असं वाटून तिने मुलाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालच्या मार्चमधली. मिरजेत मार्केटच्या मागे अप्पांचा, म्हणजे डॉ. यशवंत सबनिसांचा दवाखाना तेव्हा तीस वर्षांचा झाला होता आणि त्यांची मुलगी डॉ. वैजयंती, म्हणजे मी, दंतवैद्य होऊन जेमतेम सहा आठवड्यांची. नावाची नवी पाटी लागली होती. अक्कल मात्र अजून लागायची होती.

अप्पांनी भरलेले चांदीचे दात तीस-तीस वर्षं टिकलेले मी पाहिले आहेत. त्यांचं एकच सूत्र होतं: कोरडं ते टिकाऊ. चांदी भरताना लाळेचा थेंब जरी राहिला तरी काम वाया, हे त्यांनी मला मी दहावीत असल्यापासून ऐकवलं होतं, आणि चांदीच्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. दुसरंही एक सूत्र होतं, ते दवाखान्याचं: पेशंटच्या देखत वाद घालायचा नाही. डॉक्टर आपसांत तंडू लागले की पेशंटचा जीव खुर्चीतच गोळा होतो, असं ते म्हणत. हेही खरंच होतं.

"हे काम तुझं," अप्पा मला म्हणाले. "तुमच्या त्या नव्या मटेरियलचं. चांदी काय पुढच्या दातात बसवता येत नाही."

मी खूश झाले. दाताच्या रंगाचं भरण आणि त्याला धरून ठेवणारं बाटलीतलं द्रावण मी कॉलेजातून येताना स्वतः मागवून आणलं होतं. खोक्यातला सूचनांचा कागद माझ्या एप्रनच्या खिशात होता. त्यातली एक ओळ मी लाल पेनाने अधोरेखित केली होती.

त्या ओळीत काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर माझा गुन्हा कुणाला कळायचा नाही.

दाताला वरून कठीण कवच असतं आणि त्याच्या आत पिवळसर, जरा मऊ भाग. भरण चिकटवायच्या आधी दातावर निळं आम्ल लावतात. पंधरा-वीस सेकंदांत ते वरचा थर खातं आणि धुऊन टाकलं की कवचावर बारीक खाचा पडलेल्या दिसतात. आतल्या भागात मात्र खाचा नाहीत, बारीक तंतूंची जाळी उघडी पडते. द्रावण त्या जाळीत शिरायचं, प्रकाशाखाली तिथेच घट्ट व्हायचं आणि भरणाला धरून ठेवायचं, अशी सगळी युक्ती. आमच्या मॅडम शिकवताना म्हणायच्या, "नदीतलं शेवाळ बघितलंय ना? पाण्यात असतं तोवर ताठ उभं, मोकळं. पाण्याबाहेर काढलं की दगडावर सपाट झोपतं. ही जाळी तशीच. वाळवलीत की झोपली. मग द्रावण आत शिरणार कुठून? दात किंचित ओला ठेवा. चमकला पाहिजे." अधोरेखित केलेली ओळ हीच होती.

मी काम सुरू केलं. परशराम डोळे मिटून पडला होता. क्लॅरिनेट पोटावर आडवी, दोन्ही हात तिच्यावर. कंपाउंडर त्या दिवशी रजेवर होता, म्हणून लाळ ओढायची नळी अप्पांनीच धरली होती. मी कडा घासून घेतल्या, आम्ल लावलं, मनात वीस मोजले, धुतलं. मग कापसाचा बोळा उचलला आणि जादा पाणी तेवढं टिपलं. दात ओला, चमकदार दिसत होता. अगदी पुस्तकातल्यासारखा. मी द्रावणाच्या बाटलीकडे हात नेला.

"थांब," अप्पा म्हणाले. "पाणी राहिलंय."

"अप्पा, ते जरा..."

त्यांनी मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. 'पेशंट आहे' एवढंच त्या नजरेत होतं. आणि हवेची पिचकारी हातात घेऊन त्यांनी तो दात वाळवला. सावकाश, मन लावून, तीस वर्षं जसा वाळवत आले होते तसा. दात खडूसारखा पांढराफटक झाला.

"आता लाव," ते म्हणाले. "कोरडं ते टिकाऊ."

अजूनही काही बिघडलं नव्हतं. हेच मी वीसहून जास्त वर्षं स्वतःला सांगत आले आहे. झोपलेली जाळी पुन्हा उभी करता येते. ओल्या कापसाचा बोळा दहा सेकंद दातावर टेकवायचा, बस. वाद नको, स्पष्टीकरण नको. 'जरा पुसून घेते' म्हणाले असते तरी चाललं असतं. ओला बोळा माझ्या डाव्या हाताशी ट्रेमध्येच पडला होता. पण बापाने नुकतंच केलेलं काम त्याच्या डोळ्यांदेखत उलटवायचं माझ्याच्याने झालं नाही. मी तोंडात मिठाची गुळणी धरली आणि कोरड्या दातावर द्रावण लावलं.

पुढचं सगळं मी फार सुंदर केलं. थरावर थर, प्रत्येक थराला निळा प्रकाश, मग घासून आकार, चकाकी. शेजारच्या दाताशी रंग असा जुळला की अप्पांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, "वैजू, कुठे जोडलंय तेच कळत नाही गं." एवढं कौतुक त्यांनी माझं त्याआधी कधी केलं नव्हतं. मी ते पदरात पाडून घेतलं.

मग परशरामने क्लॅरिनेट वाजवली.

खालून सुरुवात करून तो वर चढत गेला. कुठे हवा सुटली नाही. वरच्या सुरावर जाऊन तो थांबला, तिथेच रेंगाळला, आणि सबंध दवाखाना त्या सुराने भरून गेला. बाहेर बाकावर बसलेला दाढदुखीचा म्हातारा उठून दारात आला. समोरचा भांडीवाला हातातली कळशी तशीच धरून बघत राहिला. अप्पा खुर्चीच्या हाताला टेकून डोळे मिटून ऐकत होते. कस्तुरा रडत होती आणि हसतही होती.

"लागली म्हणून समज नोकरी," अप्पा म्हणाले.

परशराम खाली वाकला आणि आधी अप्पांच्या, मग माझ्या पाया पडला. माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा माणूस. मी त्याला नको म्हटलं नाही.

जेवताना मी विषय काढला. "अप्पा, हे नवं द्रावण ओल्यावर लावायचं असतं. कागदात लिहिलंय."

"कंपन्या काय वाटेल ते लिहितात," त्यांनी भातावर वरण घेतलं. "पाण्यावर कधी काही चिकटलंय का? साधा पोस्टाचा लिफाफा चिकटत नाही."

कडेच्या कवचाला कोरडं चालतं, तिथे तर धरलंय ना, मी मनाशी म्हटलं, तेवढ्यावर टिकेल. पुष्कळदा टिकतंही. 'त्याला परत बोलवून घेऊ' हे शब्द ओठांवर आले आणि भाताबरोबर खाली गेले. शुक्रवार, शनिवार, रविवार हे तीन दिवस माझ्या हातात होते. त्याचं घर दवाखान्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं.

मंगळवारी सकाळी दार उघडलं तेव्हा तो पायरीवर बसलेला होता. कस्तुराही होती, मूल मांडीवर. परशरामने शर्टाच्या खिशातून काड्यापेटी काढली आणि माझ्या हातात दिली. आत कापसावर माझा सुंदर दात ठेवलेला होता.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"सरगम झाली. एक धून झाली. साहेब मान डोलवत हुतं," तो म्हणाला. ओठ पुढे ओढून बोलत होता, खिंडार दिसू नये म्हणून. "दुसऱ्या धूनला वर गेलो आन् तोंडात काय तरी सुटलं. मला वाटलं जीभच सुटली. खाली बघतो तर मातीत दात. पुन्ना वाजवाय गेलो तर नुसती हवा."

"मग?"

"साहेब हसलं न्हाईत. चांगला माणूस. 'पुढचा' म्हणलं."

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्यांचा चेहरा उतरला होता. ते वाईट माणूस नव्हते हो. त्यांच्या हातून गेलेलं काम परत आलेलं त्यांनी क्वचितच पाहिलं होतं, आणि कारण शोधायचं तर ते पेशंटच्या पोटात शोधायचं हीच त्या पिढीची रीत.

"काय खाल्लं होतंस?"

"काय न्हाई ओ. गाडीत च्या पिला."

"आठव. काहीतरी कडक?"

परशराम आठवू लागला. मग त्याची मान हळूहळू दाराशी उभ्या कस्तुराकडे वळली. "सकाळी ग्राउंडवर... लाडू खाल्ला एक. डिंकाचा. पर दाढंनंच खाल्ला."

"डिंकाचा लाडू!" अप्पांनी कपाळाला हात लावला. "अरे, नवा दात घेऊन डिंकाचा लाडू? खारीक, डिंक, दगडच की तो. मग दात टिकेल कसा?"

"मीच दिला ओ," कस्तुरा म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आईनं माझ्या बाळंतपणाला करून धाडल्यालं. म्हणलं, एवढं लांब उपाशीपोटी जाणार, वाजवाय छातीत दम पायजे... म्हणून माझ्यातलं दोन बांधून दिलं."

परशराम तिच्याकडे बघत राहिला. ती नजर मला अजून दिसते. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी काड्यापेटीतला तुकडा उजेडात नेला आणि उलटा केला. मागची बाजू गुळगुळीत होती. आरशासारखी. कडक खाऊन मोडला असता तर मध्ये मोडला असता, थोडा तुकड्याला, थोडा दाताला राहिला असता. हा मोडलेला नव्हताच. हा कधी चिकटलाच नव्हता. कडेच्या दोऱ्याएवढ्या पट्टीवर चार दिवस लोंबकळला आणि वरच्या सुराचा जोर आला तसा सुटला. अप्पांच्या हातातली हवेची पिचकारी, ट्रेमधला ओला बोळा, खिशातला कागद, सगळं त्या चमकत्या बाजूत दिसत होतं. आणि हे वाचता येणारी त्या खोलीत मी एकटीच होते.

'लाडवाचा काही संबंध नाही.' एवढं एक वाक्य.

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. बापाचं नाव, त्यांची तीस वर्षं, बाहेर बाकावर बसलेले चार पेशंट. हे सगळं मी तोललं आणि त्या बाईला पारड्यातून खाली उतरवलं. म्हणाले काय, तर, "या, बसा. पुन्हा लावून देते."

अप्पांना बाहेर कुणीतरी बोलावलं, ते गेले. मी दार लोटलं आणि या वेळी सगळं बरोबर केलं. दात ओला ठेवला. चमकणारा. परशराम छताकडे बघत पडला होता. या वेळी पोटावर क्लॅरिनेट नव्हती. काम झाल्यावर मी म्हणाले, "आता नाही पडणार."

"तुमची काय चूक न्हाई ताई," तो म्हणाला. "तुमचं काम आमीच घालवलं. माफ करा." दोघं पुढे-मागे चालत गेली. सकाळी पायरीवर ती शेजारी शेजारी बसली होती.

अप्पा त्यानंतर आठ वर्षं जगले. एकदा मी दुसऱ्या कुणाचा तरी दात भरत असताना ते मागे येऊन उभे राहिले. "ओलाच ठेवतेस?" म्हणाले. मी हो म्हटलं. "टिकतं?" "टिकतं." त्यानंतर त्यांनी पुढच्या दाताच्या कामात कधी हात घातला नाही, आणि परशरामचं नाव आमच्या घरात त्यांनीही काढलं नाही, मीही नाही.

दोन हजार एकोणीसच्या डिसेंबरात एक पेशंट आत आली. पन्नाशी गाठलेली वाटत होती, खरं वय पंचेचाळीसच्या आसपास असावं. खालची दाढ किडलेली. मी कीड काढली, खड्डा साफ केला आणि चूळ भरायला सांगितलं. चूळ भरून ती म्हणाली, "वळखलं न्हाईसा व्हय ताई? म्या कस्तुरा. वाजंत्र्याची."

मी हातातला आरसा ट्रेमध्ये ठेवला.

"परशराम कसे आहेत?"

"गेलं की ओ. तीन वर्सं झाली. छातीत पाणी झालं." ती खुर्चीत मागे टेकली. "शेवटाला सगळं दात गेल्यालं. तुमी लावल्याला तेवढा ऱ्हायला. मी सगळ्यास्नी सांगते, सबनीस बाईंचं काम म्हंजी काम. म्हणून तर म्या दुसरीकडं न्हाई गेले."

"वाजवायचे का?"

"न्हाई. बँड सोडला. घरात एक-दोनदा घेतली हातात, पर वरच्या सुराला आलं की थांबायचं. आता पडतोय, आता पडतोय, असं वाटायचं त्येंला. मग पोटमाळ्यावर टाकली ती टाकली. यार्डात हमाली केली जलमभर." तिने पदराने ओठ टिपले. "मारलं न्हाई कधी, शिवी न्हाई. घरात वाढल्यालं जेवायचं. पर कुटं बाहेर निघालं आन् मी भाकरी बांधाय लागले की म्हणायचं, 'नको. तुझ्या हातचं नको.' अठरा वर्सं. दवाखान्यात होतं तवा म्या पेज न्हेली. तितंबी तेच. नर्सच्या हातनं पिली."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. पावसापाण्याचं सांगावं तसं सांगत होती. "बरूबरच हाय त्येंचं. माझ्याच लाडवानं केलं की."

मी सांगितलं. एकवीस वर्षं घोटून ठेवलेलं सगळं, दात, पाणी, हवा, ओला बोळा, तुकड्याची चमकणारी बाजू. लाडवाचा काही संबंध नव्हता. मला त्या दिवशीच माहीत होतं. बोलताना मला रडू येत होतं आणि, खोटं कशाला बोलू, आतून हलकंही वाटत होतं.

मी थांबल्यावर तिने विचारलं, "त्येंला ठावं हुतं का ह्ये?"

"नाही."

"मरताना बी न्हाई."

"नाही."

"मग आता मला कशापाई सांगितलंसा?" तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "म्या कुणाला सांगू?"

ती खुर्चीतून उतरायला लागली. मी दंडाला धरलं. "कस्तुराबाई, दाढ उघडी आहे. खड्डा मोठा आहे, फार दुखेल. निदान भरून तरी घ्या."

तिने माझा हात सावकाश बाजूला केला, गळ्यातला हिरवा रुमाल काढला आणि घडी करून खुर्चीवर ठेवला.

"नको," ती म्हणाली. "तुमच्या हातचं नको."